सांडलेले दाणे : गोदी, बाजार आणि आपली समीक्षा

१

गेल्या वर्षी पदवीच्या वर्गात मी दया पवारांचे 'बलुतं' शिकवीत होतो. नागपाड्याच्या कावाखान्यातील बाया शहरभर हिंडून चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करतात, त्याची निवड करतात आणि तो माल विकतात, हा भाग चालू होता. सवयीप्रमाणे मी फळ्यावर तीन शब्द लिहिले : दैन्य, अवहेलना, विद्रोह. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. उत्तरपत्रिकेत हे तीन शब्द आले की गुण मिळतात, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र लिहीत नव्हता. दारूखान्याकडून येणारा, एरवी गप्प बसणारा मुलगा. मी कारण विचारले तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ते नुसतं दैन्य नाहीये. तो धंदा आहे. माल छाटायचा म्हणजे शिकावं लागतं. माझी आई तेच करते. तांबं, पितळ, बीड नुसतं हातात घेऊन ओळखते. तुम्हाला येईल का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या उताऱ्याकडे वळलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. मला ते काम आले नसते. आणि ज्याला ते येत नाही, त्याने ते करणाऱ्या बाईच्या आयुष्याला एका शब्दात 'दैन्य' म्हणून मोकळे व्हावे, हा अधिकार त्याला कोणी दिला? मला तो माझ्या पदवीने दिला होता. ज्या समीक्षेवर माझी पदवी उभी आहे तिने दिला होता.

हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

उत्तर देण्याआधी एक कबुली द्यावयास हवी. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या आमच्या महारवाड्यातून मुंबईला आली. गावात तेव्हा परदेशातून बोटीने आलेली लाल मिलो वाटली जात होती आणि ती खाऊन माणसे आजारी पडत होती. आजी मुंबईत आली ती मस्जिद बंदरच्या बाजूला, दाणा बंदरात. ज्या वाटेने धान्य येत होते त्या वाटेच्या तोंडाशीच ती येऊन उभी राहिली.

तिचे काम साधे सांगता येते. वखारींपुढे गोण्या उतरत. हमालाच्या हुकाने गोणीला भोक पडे, दलाल नमुना काढण्यासाठी टोकदार नळी खुपसे, शिवण उसवे. धान्य सांडे. आजी आणि तिच्यासारख्या बाया ते झाडून घेत. पण झाडणे ही कामाची सुरुवात होती. त्यात माती असे, खडे असत, सुतळीचे तुकडे असत, घोड्याची लीद असे, पाच प्रकारचे दाणे एकत्र झालेले असत. चाळणीने माती जाई, सुपाने फोल जाई, हाताने खडा जाई. मग गहू वेगळा, तांदूळ वेगळा, कणी वेगळी, डाळीची चुरी वेगळी. भिजलेला दाणा ती वासावरून ओळखे. पावसात भिजलेला वेगळा आणि समुद्राच्या पाण्याने भिजलेला वेगळा. पहिला वाळवून खाता येतो, दुसरा कोंबड्यांना. कोणत्या वखारीचा मुनीम दुपारी जेवायला जातो, कोणता पहारेकरी हाकलतो आणि कोणता मूठभर डाळीवर डोळे झाकतो, हे सारे तिच्या हिशोबात होते. संध्याकाळी ती निवडलेला माल वस्तीत विके. रेशनच्या आणि वाण्याच्या भावाच्या मधला असा एक तिसरा भाव त्या वस्तीत होता. तो भाव बायांनी ठरविलेला होता.

माझे वडील त्या दाण्यांवर वाढले. ते वाढले म्हणून मी शिकलो. आणि शिकत असताना कोणी आजीबद्दल विचारले की मी सांगत असे, "ती मार्केटमध्ये होती." ऐकणाऱ्याला वाटे, भाजीचा गाळा असेल. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथेतील नायकाने जात चोरली होती. मी जात चोरली नाही. जात मी छाती पुढे काढून सांगितली, कारण चळवळीने मला ते बळ दिले होते. मी आजीचे काम चोरले. जात सांगण्याचे बळ चळवळीने दिले, पण ते काम सांगण्याची भाषा मला कोणी दिली नाही. ना प्रस्थापित साहित्याने, ना कामगार चळवळीने आणि, दुःखाने म्हणावे लागते, ना आपल्या समीक्षेने. या तिघांचा विचार मी क्रमाने करणार आहे.

३

प्रथम प्रस्थापित साहित्य. मराठीला मुंबईचे बंदर दिसले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला होता आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या काळातले हे शहर माडगावकरांनी हिंडून, पाहून, विचारून लिहिले. बंदरे, बाजार, पेठा, व्यापारी यांची त्यांनी केलेली नोंद आजही मोलाची आहे. पण ती एका चकित झालेल्या सुशिक्षित गृहस्थाची नोंद आहे. माल किती आला आणि किती गेला, हे त्याला महत्त्वाचे वाटते. तो कोणाच्या पाठीवरून गेला, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसत नाही. पुढे १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट झाला, १८७५ मध्ये ससून डॉक झाला, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक झाला. बंदर वाढत गेले. मराठी लेखकाची चौकट मात्र फारशी बदलली नाही.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण घेऊ, कारण कमअस्सल उदाहरण घेऊन वाद जिंकण्यात काही अर्थ नाही. माघातल्या सकाळी मुंबईचे बंदर उजळताना पाहणारी बा. सी. मर्ढेकरांची कविता मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला पाठ असते. ती मलाही पाठ आहे आणि ती मोठी कविता आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्या सकाळीला कवीने गर्भवती स्त्रीच्या सोज्ज्वळपणाची उपमा दिली आहे. मर्ढेकरांची नजर प्रामाणिक आहे. मान वाकवून कावड नेणारा गवळी त्यांना दिसतो. पण धक्क्याला लागलेल्या बोटी त्या कवितेत झोपलेल्या आहेत. येथे माझ्यासारखा वाचक अडखळतो. बोट धक्क्याला लागली म्हणजे तिच्या झोपेची वेळ झाली, असे किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्यास वाटते. गोदीत काम करणाऱ्याच्या लेखी बोट धक्क्याला लागली म्हणजे कामाची वेळ झाली. आता फळका उघडणार, विंच फिरणार, टोळी आत उतरणार. तीच बोट, तोच धक्का, तीच सकाळ. एकाला तिच्यात शांतता दिसते, दुसऱ्याला हजेरी.

कवीने हमालाची कविता लिहावयास हवी होती, अशी मागणी मी करीत नाही. तसली मागणी ही समीक्षा नव्हे, हुकूमनामा आहे. माझा आक्षेप कवितेवर नाही, तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या वाचनावर आहे. या कवितेतील प्रतिमा, संवेदना, लय यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. ती कविता कोठे उभी राहून लिहिली गेली आहे, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. जागा सांगितली नाही की ती जागा सर्वांचीच आहे असा भास होतो. सौंदर्यशास्त्रातील 'सर्वसामान्य रसिक' हा प्राणी असाच जन्माला आला. तो नेहमी धक्क्याच्या कोरड्या बाजूला उभा असतो.

४

आता कामगार चळवळ. मुंबईच्या कामगाराला मराठी साहित्यात जागा मिळाली ती गिरणगावामुळे. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईला आले, हमालीपासून गिरणीपर्यंत मिळेल ते काम त्यांनी केले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर जी लावणी रचली होती ती मुंबईच्या नवलाईची होती. अण्णाभाऊंनी 'मुंबईची लावणी' रचली ती त्या नवलाईचा हिशोब मागणारी. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'ने १९६६ मध्ये या कामगाराला मराठी कवितेच्या मध्यभागी आणून उभे केले. हे ऋण आपल्यावर आहे.

पण गिरणीला जे मिळाले ते गोदीला का मिळाले नाही? याचे उत्तर कामाच्या रचनेत आहे, असे मला वाटते. गिरणीला भोंगा होता, खाते होते, चाळ होती, त्या चाळीत भजनी मंडळ आणि कलापथक होते. गोदीत काम बोटीवर अवलंबून. बोट आली तर काम, नाही तर खाडा. सकाळी फाटकाशी माणसांची गर्दी उभी राही आणि टोळीवाला किंवा मुकादम बोट दाखवून माणसे निवडी. निवडला गेला तो त्या दिवसापुरता कामगार, उरला तो कोणीच नाही. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यानंतर नोंदणी, पाळी आणि हक्काची मजुरी हळूहळू आली. त्यामागे गोदी कामगारांचे लढे आहेत. त्यांचे नेते पी. डिमेलो यांचे नाव पूर्वीच्या फ्रिअर रोडला आज आहे. बाजारातल्या हमालाला तर आणखी थांबावे लागले. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, तेव्हा पाठीवरच्या ओझ्याला कागदावर जागा मिळाली.

या इतिहासाचा अभिमान बाळगूनही एक प्रश्न विचारावाच लागतो. माथाडी कायद्याने गोणी उचलणाऱ्याला नाव दिले. गोणीतून सांडलेले झाडणाऱ्या बाईला कोणता कायदा होता? ती मालकाची नोकर नव्हती, टोळीत नव्हती, युनियनची सभासद नव्हती. हमालांच्या टोळ्या गावकीच्या, नात्याच्या आणि म्हणून जातीच्या आधाराने बांधल्या जात. घाटावरून आलेला भाऊ भावाला टोळीत घेई. हे स्वाभाविक होते, आणि नेमके म्हणूनच ज्याला गावात टोळीबाहेर ठेवले होते तो बंदरातही बऱ्याचदा टोळीबाहेर राहिला. त्याच्या वाट्याला झाडणे, कोळसा, भंगार आले. त्याच्या बायकोच्या वाट्याला सांडलेले दाणे.

बाबासाहेबांनी हे फार आधी पाहिले होते. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तुटलेल्या धाग्यासाठी धोट्याला तोंड लावावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. या दोन्ही गोष्टी आपण भाषणांत सांगतो. पण त्या बंदराला लावून पाहिल्या आहेत का? धाग्याला विटाळ होता, गोणीला नव्हता. आजीने उचललेला तांदूळ कोणत्याही देवळात चालला असता. तिची घागर मात्र चाळीच्या नळावर चालत नव्हती. भांडवलाला तिचा हात हवा होता, जातीला तिचा हात नको होता, आणि बाजार या दोहोंत रोज सकाळी तडजोड घडवून आणीत होता. ही तडजोड कशी चालते हे ज्याला कळले त्याला मुंबई कळली. कामगार साहित्याच्या समीक्षेने ती समजून घेतली नाही, कारण तिच्या लेखी कामगाराला जात नव्हती.

५

मग दलित साहित्य आले. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, 'बलुतं' १९७८ मध्ये. कामाठीपुरा, नागपाडा, चोर बाजार, गोदी हा सगळा पट्टा मराठीत प्रथमच आतून बोलला. 'बलुतं'मधले वडील गोदीत कामाला जातात, बाया भंगार निवडतात. हे जग लेखकाने कोणाला दाखविण्यासाठी सजविले नाही, आणि लपविलेही नाही. मी आजीचे काम चोरीत होतो त्याच्या कितीतरी आधी दया पवारांनी आपल्या माणसांचे काम नावानिशी लिहून ठेवले होते. पुस्तकाने आपले काम केले होते. आपण, वाचणाऱ्यांनी, केले नाही.

आपण काय केले? प्रस्थापितांनी या पुस्तकांना 'दाहक वास्तव' म्हटले. आपण त्यांच्याशी भांडलो, आणि भांडता भांडता तोच शब्द आपलाही केला. ते म्हणाले, किती भयंकर! आपण म्हणालो, होय, भयंकरच, आणि त्याला जबाबदार तुम्ही! हे उत्तर खरे आहे, त्या काळी ते द्यावेच लागले. परंतु त्यामुळे एक झाले. ही पुस्तके केवळ साक्षीपुरावा ठरली. त्यांतील माणसे केवळ अन्यायाची बळी ठरली. त्यांना काय येते, त्यांना काय कळते, ती कशी हिशोब करतात, कशावर हसतात, बाजाराला कशी फसवितात, हे सारे पानांवर असूनही वाचले गेले नाही. प्रस्थापित समीक्षेने आपल्या माणसांना माणूसपण नाकारले. आपल्या समीक्षेने त्यांना दुःख दिले, पण बुद्धी द्यायची राहून गेली.

भाषेचेच पाहा. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. या कवितेतील जग आणि तिच्यातील कितीतरी शब्द पांढरपेशा वाचकाला अनोळखी आहेत, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. पुढे मात्र त्या भाषेविषयीची चर्चा दोनच वाटांनी गेली. एका बाजूने अश्लील, असंस्कृत, भेसळीची; दुसऱ्या बाजूने विद्रोहाची, आघाताची. तिसरी गोष्ट कोणी म्हटली नाही : ही बंदराची भाषा आहे. जेथे खलाशी, हमाल, दलाल, गिऱ्हाईक, वेश्या, पठाण, कामाठी, कोळी एका गल्लीत व्यवहार करतात, तेथे भाषा अशीच घडते. तिच्यात हिंदी, उर्दू, गुजराती, दखनी, मराठी एकमेकांत मिसळतात, कारण माणसांना एकमेकांचे पैसे मोजावयाचे असतात. नामदेव ढसाळांनी ही भाषा आघातासाठी शोधून काढली नाही. ती भाषा कामावर होती; त्यांनी तिला कवितेत घेतली.

आणि भेसळीचे म्हणाल, तर 'शुद्ध' मराठीच्या स्वयंपाकघरातील बटाटा बंदरातूनच आला. पगार, चावी, लिलाव हे पोर्तुगिजांचे शब्द. हमाल अरबी, बंदर फारसी. तीन-चारशे वर्षांपूर्वी धक्क्यावर उतरलेला शब्द आज सदाशिव पेठेत सोवळ्यात वावरतो, आणि तोच प्रवास काल केलेला शब्द गोलपिठ्यावरून आला म्हणून त्याला दारात उभे करतात. याला भाषाशास्त्र म्हणत नाहीत. याला शिवाशिव म्हणतात.

६

काय वाचले जाते आणि काय वाचले जात नाही, याचा आणखी एक दाखला देतो. तो पुस्तकातला नाही, बंदराच्या स्मृतीतला आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर स्फोट झाला. बोटीत दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटा होत्या. कापूस पेटला, आग दारूगोळ्यापर्यंत गेली आणि दोन प्रचंड स्फोटांनी गोदी आणि तिच्यालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो, आणि तो पाळला गेलाच पाहिजे. उडालेल्या सोन्याच्या विटा कोठे कोठे सापडल्या, याच्या गोष्टी मुंबईत अजून सांगितल्या जातात. पण एकूण माणसे किती मेली? कोणी आठशे सांगतात, कोणी तेराशेपर्यंत जातात. इतका फरक का? सोन्याच्या विटांची यादी होती. जवानांची हजेरी होती. सकाळी फाटकाशी मुकादमाने बोट दाखवून आत घेतलेल्या माणसाची नोंद कोठे असणार? गोदीलगतच्या झोपडीतल्या बाईची कोठे असणार?

त्या दिवशी बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दरवर्षी १४ एप्रिलला आपण निळ्या झेंड्यांनी शहर भरून टाकतो. त्याच तारखेला, याच शहरात, मोजले न गेलेले गोदीतले लोक मेले, हे आपल्या किती गीतांत, किती भाषणांत येते? मी विझलेल्या आगीचे सुतक पाळा असे म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, मजूरमंत्र्याच्या जयंतीला न मोजलेल्या मजुराची आठवण ठेवणे हे जयंतीच्या विरोधात नाही. ते तिच्या अर्थातच आहे.

७

हे सारे आज का लिहावे, असा प्रश्न येईल. कारण ते बंदर आता उठले आहे. १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झाले आणि मालाची वाट खाडीपलीकडे गेली. कंटेनर आले, गोणीच उरली नाही, तेव्हा सांडणार काय? मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. १९४४ मध्ये जेथे स्फोट झाला ती गोदीही भरून टाकण्यात आली आहे. पोर्ट ट्रस्टचे २०२१ च्या कायद्याखाली पोर्ट ऑथॉरिटी झाले. पूर्व किनाऱ्याच्या जमिनीवर काय उभारावयाचे याच्या योजना वर्षानुवर्षे येत आहेत, आणि त्या योजनांच्या चित्रांत बागा, बोटी, फिरायला आलेली कुटुंबे असतात. जुन्या मुंबईच्या सहली निघतात. मार्गदर्शक वखारींच्या कमानी दाखवितो. २०१७ मध्ये ससून डॉकच्या भिंतींवर चित्रे रंगविली गेली. मी ती पाहावयास गेलो होतो. काही चित्रांत तेथील बायांचे चेहरे होते, चांगले होते. त्या भिंतीच्या पलीकडे खऱ्या बाया बर्फाने बधिरलेल्या बोटांनी कोळंबी सोलत होत्या, आणि पाहुणे नाकाला रुमाल लावून चित्रांचे फोटो काढीत होते.

म्हणजे बंदराचे पुन्हा एकदा दृश्य होत आहे. १८६३ चे नवल आणि २०१७ चे नवल यांत फरक एवढाच की, आता दृश्यात आपला चेहराही घेतला जातो. चेहरा मिळाला, काम, कसब, हिशोब मिळाले नाहीत. जमीन जाईल तेव्हा जाईल, तिच्यासाठी लढणारे लढत आहेत. पण त्या जमिनीवर आपल्या माणसांनी जे ज्ञान उभे केले ते कोणी लिहून ठेवले नाही, तर ते जमिनीच्या आधीच जाईल. आणि ते ज्या थोड्या पुस्तकांत नोंदलेले आहे ती पुस्तके आपण 'दैन्य, अवहेलना, विद्रोह' एवढ्यातच मिटवून ठेवली, तर त्या पापात आपणही वाटेकरी होऊ.

म्हणून आपल्या समीक्षेकडून माझी मागणी साधी आहे. आपल्या पुस्तकांत लोक काय सोसतात ते आपण वाचले. आता ते काय करतात, ते वाचू या. हातात काय आहे, ते कसे धरले आहे, कोणत्या शब्दाने त्याला हाक मारतात, ते कोणाला विकतात, भाव कोण ठरवितो, फसवणूक कोठे होते आणि प्रतिफसवणूक कशी होते, हे विचारू या. यामुळे विद्रोह बोथट होईल अशी भीती काहींना वाटेल. माझा अनुभव उलट आहे. दैन्य पाहून दया येते. कसब दिसले की प्रश्न पडतो : ज्याला एवढे येते त्याच्या हाती काहीच का नाही? विद्रोहाची सुरुवात या प्रश्नापासून होते.

यंदा मी पुन्हा 'बलुतं' शिकविले. त्या भागाशी आलो तेव्हा फळ्यावर काही लिहिले नाही. मी वर्गाला आजीचे काम सांगितले. चाळणी, सूप, हात. पावसाचा भिजलेला दाणा आणि समुद्राचा भिजलेला दाणा. आयुष्यात पहिल्यांदा मी ते पन्नास माणसांसमोर सांगत होतो आणि माझा आवाज थोडा कापला, हे लपवीत नाही. नंतर मी विद्यार्थ्यांना सांगितले, घरी जाऊन आईला, आजीला, बापाला त्यांचे काम विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

चाळीस वह्या आल्या. त्यांत कितीतरी शब्द असे आहेत जे कोणत्याही कोशात नाहीत. दारूखान्याचा तो मुलगा आता पुढच्या वर्गात गेला आहे, तरी तो आपली वही घेऊन आला. पहिल्या पानावर त्याने भंगाराच्या सतरा जातींची नावे आईकडून लिहून आणली होती. खाली आईचा अंगठा होता. त्याने विचारले, "सर, हे परीक्षेला येईल का?"

मी म्हणालो, "अजून नाही."

ते 'अजून' संपविण्याची जबाबदारी माझी आहे. आणि हा अंक हातात धरलेल्या प्रत्येक शिक्षकाची, विद्यार्थ्याची, कार्यकर्त्याची आहे.